बोनटातलं लुगडं

आये,

तुज्या हिरव्या लुगड्याचा तुकडा मी गाडीच्या बोनटातनं काढला. आता तो धुऊन वलनीवर वाळत घातलाय आन् त्याच्याच सावलीत बसून ह्ये लिवतीय. पोर आत झोपलीय. पान तिच्याच वहीतलं हाय, वर तिनं कोंबडी काढलीय, म्हून मला कोंबडीच्या पायाखालनं लिवाय लागतंय. तू गेलीस तवा मी सहावीत हुते, आन् तितंच माजी शाळा बी संपली. अक्षर वाकडं हाय, हसू नगंस. तुला तर तेवडं बी येत न्हवतं. सही कर म्हनलं की तू आंगठा पदराला पुसत बसायचीस.

बोनटात लुगडं कसं गेलं ते सांगते, पन आदी दुकानाचं सांगू दे, न्हाईतर मला पुढचं सुचायचं न्हाई. मिरजगावात हायवेच्या कडंला चाचाचं कुशनचं दुकान. तू मशिनीवर बसून गाड्यांची शीटकव्हरं शिवायचीस. बोनटाचं काम खरं गड्यांचं, पन एक दिस गडी आला न्हाई आन् गिऱ्हाईक बोंबलाय लागलं, तवा चाचा म्हनला, "बाई, बगा जमतंय का." तवापास्नं ते काम तुज्याकडंच आलं. बोनटाच्या आतल्या अंगाला काळी गादी आसती, इंजनाची गरमी आन् आवाज आडवायला, आन् ती प्लास्टिकच्या बारक्या क्लिपांनी पत्र्याला धरलेली आसती. गादी बदलायची म्हंजी समद्या क्लिपा न मोडता काढायच्या आन् परत लावायच्या. काढलेली क्लिप तू खिशात न्हाई, डब्यात न्हाई, कुटंच टाकायची न्हाईस. घरनं येताना शिळी भाकरी आनायचीस, चांगली कडक झालेली, आन् जी क्लिप बोनटात जितं हुती तितंच ती भाकरीत टोचायचीस. वरची वर, कोपऱ्यातली कोपऱ्यात. काय क्लिपा लांब, काय आखूड, मग लावताना कुटली कुटं ह्ये शोधत बसाय नगं. शेजारचा पंक्चरवाला म्हनायचा, "काकू, अन्नाला टोचत्यात व्हय?" आन् तू म्हनायचीस, "कुत्र्याची हाय ती. त्याला भूक लागंपतूर जरा कामाला येऊ दे." काम झालं की ती भोकं पडलेली भाकरी खरंच दुकानाम्होरच्या लंगड्या कुत्र्याला. कुनी बोनट उगडलं की ते कुत्रं आपसूक येऊन बसायचं, आन् चाचा म्हनायचा, "आला बगा फिटर."

दिवाळीच्या सुट्टीतला एक दिस मला आजून जसाच्या तसा दिसतो. तू मशिनीवर हायेस आन् मी एका जीपच्या बोनटाखाली स्टुलावर उबी हाय. तुला दाखवायचं म्हून मी एक क्लिप दोन बोटात धरते आन् वढते. कट्‌ करून तिचं डोकं माज्या हातात येतं, पाय आतच ऱ्हातो. तू मशिन सोडून येतेस आन् माज्या हातावर एक चापट देतेस. लागलं न्हाई, पन चाचा बगत हुता म्हून मला रडू आलं. "मुळा हाय का उपटायला?" तू म्हनालीस. मग माज्या मागं उबी ऱ्हायलीस, माजा हात तुज्या हातात घेतलास आन् उलथन्याचं टोक क्लिपच्या डोक्याखाली सरकवलंस. "मदलं बटान दिसतंय का? आदी ते वर येऊ दे. त्यानं आतनं पाय फाकवून पत्रा धरलाय. बटान वर आलं की पाय मिटतंय, मग आपनहून सुटतंय. आन् थंडीत सकाळच्या पारी हात लावू नगंस, गारठलेलं प्लास्टिक मोडतंय. उन्हात ठिवायचं जरा." तुज्या तोंडाला तवा पानाचा वास येत हुता. पुढची क्लिप सुटली आन् माज्या तळहातावर पडली, अख्खी.

ते उलथनं आजून माज्याकडंच हाय. तू शेजारच्या वेल्डिंगवाल्याकडनं त्याच्या दांड्याचं टोक चपटं करून मदी खाच पाडून घेतली हुतीस. मी पयली भाकरी केली, एका बाजूनं करपलेली, तवा तू ती समदी खाल्लीस आन् उलथनं माज्या हातात दिलंस. म्हनालीस, "ह्या टोकानं भाकरी उलाथ, त्या टोकानं क्लिप काढ. उपाशी मरायची न्हाईस." लगीन झाल्यावर माजी सासू, तिला मी आत्या म्हनते, ती पयल्याच दिशी म्हनाली, "आगं बया, ह्ये सापाच्या जिभेचं उलथनं कुटनं आनलंस?" मी हसले. सांगितलं न्हाई.

आजून एक आठवतंय, आन् तेच माज्या डोक्यात बसलंय. एक जीपवाला आला हुता, लई घाईत. त्याची गादी फाटून लोंबत हुती. तो म्हनाला, बाई, नवी मिळंपतूर गोनपाट दुमडून लावून दे, लगीनघराची मानसं भरायची हायती. तू न्हाई म्हनालीस. तो म्हनाला, कुशन शिवनारी बाई मला गाडी शिकवती. तू त्याची फाटकी गादी काढून त्याच्या हातात दिलीस आन् म्हनालीस, "भाऊ, गादी बिगर गाडी चालती. लई तर पत्रा तापल, रंग उडल. पन गोनपाट लावशील तर बोनट न्हाई ऱ्हायचं, चूल हुईल." तो शिव्या देत तसाच गादीबिगर गेला. चाचा म्हनाला, "बाई, गिऱ्हाईक घालवलं." तू म्हनालीस, "जित्तं घालवलं ना."

मी भित्री हाय, तुला ठाव हाय. विहिरीच्या कडंला जात न्हवते, लाईट गेली की तुज्या पदरात शिरायचे. पोर झाल्यावर तर ते लईच वाढलं. ती अंगावर दूद पिताना मी तिचा श्वास मोजत बसायचे. मागं हायवेला एका गाडीनं पेट घेतला. मानसं उतरली बाहेर, देवाची किरपा. पन गाडीचा नुसता सांगाडा उरला, आन् तो लई दिस रस्त्याच्या कडंला तसाच पडून हुता, बोनट वर केलेलं, काळंठिक्कर. बाजाराला जाताना मी पोरीचं तोंड दुसरीकडं फिरवायचे आन् सोता मातुर बगायचे.

आमच्या ह्यांनी जुनी गाडी घेतलीय. सकाळी वस्तीवरची पोरं शाळंत सोडत्यात आन् मग दिसभर भाडं मारत्यात. आपली पोर बालवाडीत जाती, तिला पुढच्याच शीटवर बसायचं आसतं, पप्पाच्या शेजारी. मानूस चांगला हाय, आये. पेत न्हाई, हात उचलत न्हाई. नुसती घाई. गाडी कडब्याच्या गंजीशेजारी लावत्यात, तर ह्या सुगीत गंजीतली उंदरं बोनटात शिरली आन् गादी कुरतडली. चिंध्या लोंबाय लागल्या. मी तूर उपटाय रानात गेल्ते तवा ह्यांनी पक्कडनं वढून वढून गादी काढली. अर्ध्या क्लिपांची डोकी मोडली. मोबाईलवर बगितलं म्हनं, कोनतरी तसंच वढत हुता.

आन् आत्यानं गोधडी काढली. तिचा हात गोधडीला लई चांगला, तुला बी आवडलं आसतं. माज्या लग्नात मामीनं दिलेली ती गोधडी, जिच्यात वरच्या बाजूला तुजं हिरवं लुगडं हाय. तिचा एक कोपरा उसवला हुता. आत्यानं तिकडनं बोनटायवडा तुकडा कापला, आतनं जुनी धोतरं घालून जाड केला, कडंनं दोऱ्याची नागमोडी घातली आन् जितं क्लिपा बसायच्या तितं भोकं पाडून त्यांस्नी काज केलं. काज, आये! सदऱ्याला करत्यात तसं. ह्यांनी उरलेल्या क्लिपा त्या काजात दाबल्या आन् जितं क्लिप न्हवती तितं तार आवळली. मी सांजच्याला रानातनं आले तर वस्तीवरचे गडी बोनट उगडून बगत उबे. एक म्हनतोय, "आता गाडीला थंडी वाजायची न्हाई." दुसरा म्हनतोय, "आत्या, माज्या टॅक्टरला बी एक शिवा, तो बी उगडाच झोपतोय." आत्या पदर तोंडाला लावून हसतीय. आन् बोनटाच्या आतल्या अंगाला तुजं लुगडं, आन् त्याच्यावर तू मशिनीवर बसायचीस तवाचा तेलाचा डाग बी.

मी ह्यांना बाजूला घेऊन म्हनलं, "आवं, कापड हाय ते." तर ह्ये म्हनले, "मग गादी काय लोखंडाची आसती?" मी म्हनलं, "ती न पेटनारी आसती." तवर आत्यानं ऐकलं. "चांगलं जाड केलंय, पेटतंय कशानं? कुशनवालीची लेक तू, तुला लई कळतंय. माज्या हाताचं पटत न्हाई आसं सांग ना सरळ." आसं म्हनून ती ताट न घेता झोपली. मग मी गप बसले. रोज सकाळी पोरीला पुढच्या शीटवर बसवायचे, तिचा डबा मांडीवर ठिवायचे आन् गाडी आंब्याच्या झाडाला वळंपतूर दारात उबी ऱ्हायचे. कान तिकडंच. भाकरी तव्यावर तशीच. दुपारी ती घरी आली की तिच्या केसांचा वास घ्यायचे. आत्या म्हनायची, "लेकरू हाय का भजं, सारखी हुंगतीस?"

मग एक दिस दुपारी पोरगी आली, चप्पल काढता काढता म्हनाली, "आई, पप्पाच्या गाडीत भाकरी करपली."

मी म्हनलं, कसली भाकरी? तर म्हनती, "वास येतो ना. घाटाडी चढताना. तुजी करपती तसाच."

ह्ये आले तवा मी इचारलं. म्हनले, क्लचचा वास आसल, चढाला येतो. उद्या बगतो. मला माहीत हाय क्लचचा वास कसा आसतो, दुकानाम्होरनं रोज टेम्पो चढायचे. ह्यो तो न्हवता. पोरगी खोटं बोलत न्हाई आन् करपल्या भाकरीचा वास माज्या पोरीइतका कुनाला ठाव आसनार.

दुसऱ्या दिशी सकाळी गाडी सुरू हाय, मागं वस्तीची पोरं दाटून बसल्यात, एकमेकाला कोपरं मारत्यात. ह्ये हारन वाजवत्यात. मी पोरीला कडंवर घेतलं आन् गाडीच्या म्होरं जाऊन उबी ऱ्हायले. "बंद करा गाडी," मी म्हनलं.

"आता काय झालं?"

"ही न्हाई जायची. आन् ती मागची बी न्हाई जायची, ती बी कुनाची तरी हायेत. बंद करा."

ह्ये खाली उतरले, तोंड लाल. "येडी झालीस काय? शाळंची येळ झाली." आत्या दारात आली. वस्तीवरच्या दोघी-तिघी बी आपापल्या दारात आल्या. मग मी पोरीला खाली ठिवलं, घरात गेले आन् तव्यावरचं उलथनं घेऊन आले. आत्याला वाटलं मी मारती का काय, ती दोन पावलं मागं सरली. मी बोनट उगडलं, दांडी लावली. सकाळची थंडी हुती पन इंजन जरा चाललं हुतं म्हून क्लिपा कोमट हुत्या. डोक्याखाली टोक घातलं. मदलं बटान वर. मग अंग. पयली सुटली. पोरगी दोन्ही हात पुढं करून उबी, मी तिच्या वंजळीत टाकली. क्लिप एक बी मोडली न्हाई, आये. तारा ह्यांनीच काढल्या. कुनी सांगितलं न्हाई, पक्कड घेऊन आले आन् काढल्या.

गोधडी खाली आली. म्हागल्या बाजूनं काय झालं न्हवतं. इंजनाकडच्या बाजूनं, आत्याची नागमोडी जितं सुटून दोरा लोंबला हुता आन् कापड खाली झोळ धरून गरम पायपाच्या डोक्याला टेकत हुतं, तितं ताटलीयवडा डाग. कडंला तपकिरी, मदी काळा. मदी बोट लावलं तर बोट आत गेलं. राख झाली हुती.

आत्यानं माज्या हातातनं तो तुकडा घेतला, डागावरनं हात फिरवला आन् तितंच मातीत खाली बसली. "माज्याच हातानं," येवडंच म्हनाली. मी तिच्याजवळ बसले. मी म्हनलं, "आत्या, काज मातुर लई झ्याक केलं हुतं." ती रडता रडता हसली आन् माज्या दंडावर एक बुक्की मारली.

ह्ये म्हनले, आता पोरं कशी पोचवू? तवा तुजंच बोलनं माज्या तोंडातनं आलं. म्हनलं, गादी बिगर गाडी चालती. पत्रा तापल, दुसरं काय न्हाई. इंजनावर कापडाचा धागा-दोरा ऱ्हायला न्हाई ह्ये मी वाकून वाकून बगितलं. काचंवर पानी मारायची नळी गोधडीत अडकली हुती ती सोडवून जागच्या जागी बसवली. ह्ये म्हनले, "तुला ह्ये कुटनं ठाव?" मी म्हनलं, आईकडनं. मग मी बी पोरीला मांडीवर घेऊन पुढं बसले. गाडी घेतल्यापास्नं तिच्यात पुढं बसायची माजी पयलीच येळ. घाटाडी चढताना मी आन् पोरगी, दोगी नाकानं वास घेत हुतो. ह्ये म्हनले, "दोन कुत्री घेऊन निगालोय मी." पन हळू चालवली गाडी.

मग ह्ये नगरला गेले आन् त्या गाडीची बरुबर गादी आन् नव्या क्लिपा घेऊन आले. मिरजगावात तुजं दुकान आता न्हाई, तितं मोबाईलचं झालंय. काल दुपारी, ऊन चांगलं तापल्यावर, ह्ये म्हनले, "तूच लाव, मी धरतो." मी चुलीपाशी गेले तर ताटलीत आदल्या दिशीची भाकरी काढून ठिवलेली, चांगली वाळलेली. मी आत्याला काय मागितली न्हवती. तिला मी आदल्या सांजंला नुसतं बोलता बोलता सांगितलं हुतं तुजं. ती तिकडं तोंड करून शेंगा फोडत बसली हुती, जसं काय तिला काय ठावच न्हाई. पोरीनं नव्या क्लिपा भाकरीत टोचल्या, लांब एकीकडं, आखूड एकीकडं, आन् मी मागंल तशी एकेक उपटून दिली. तुज्यावानी मी आदी मदली लावली, मग बाजूच्या, कोपरे शेवटाला. दाबलं की कट्ट. ह्ये खालनं गादी धरून उबे, मान आवघडलेली, म्हनत्यात, "तुजी आई आसती तर मला बी दोन चापट्या बसल्या आसत्या." मी म्हनलं, चापट न्हाई, मुळा म्हनली आसती. त्यांना कळलं न्हाई. भाकरी आमच्याकडच्या कुत्र्यानं खाल्ली.

आज सकाळी आत्यानं तो तुकडा सोडा घालून धुतला. तेलाचा जुना डाग बी गेला न्हाई आन् जळलेलं तर काय जायाचंच न्हाई. ती म्हनाली, जळकं कापून काढते, उरलंय त्याची पोरीला उशी शिवते. शिवू दे.

ह्ये पत्र कुटं टाकायचं न्हाईच. तू जित्ती आसतीस तरी कुनाकडनं तरी वाचून घ्यायला लागलं आसतं, आन् पुढचं मला दुसऱ्या कुनी ऐकायला नगं हाय. आत्याला भिऊन मी गप बसले आसं वर लिवलंय. ते अर्धंच खरं हाय. तू जीपवाल्याला काय म्हनालीस ते मी येक दिस बी इसरले न्हवते. पन बोनटात तुजं लुगडं बगितलं आन् वाटलं, आसू दे, पोरीच्या म्होरं आये बसलीय. म्हून रोज तिला त्या शीटवर बसवत ऱ्हायले. तुजं बोलनं सोडलं आन् तुजं कापड धरलं. आता बोनटात दुकानची गादी हाय, काळी, नवी, ती पेटायची न्हाई. आज सकाळी पोरीला बसवलं, दार लावलं आन् गाडी निगायच्या आदी बोनटावर जरा हात ठिवला. ह्यांना वाटलं, मी गरम झालंय का बगते. मी तसंच वाटू दिलं.